चोर बाटली

आमच्या काचेच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीला दार नाही, जाड काळा पडदा आहे. तो सारून आत गेलं की आधी काहीच दिसत नाही. डोळे सरावले की पांढऱ्या उजेडाच्या चौकटी दिसतात, प्रत्येक चौकटीपुढून सरकणारा पट्टा, पट्ट्यावर ओळीनं निघालेल्या बाटल्या आणि स्टुलांवर बसलेल्या बायका. तोंडं चालू असतात, हात चालू असतात, मान मात्र वळत नाही. मान वळली की बाटली गेली.

पडद्यापासचं पहिलं स्टूल दुर्बीणबाईचं. जुन्या चादरीची घडी शिवून तिनं त्याला गादी केली होती. ती गादी कोणी नुसती सरकवली तरी बसल्याबरोबर तिला कळायचं. "कोण बसलं होतं गं माझ्या राज्यात?" असं ती ओरडायची, आणि पलीकडून कोणीतरी हमखास फिसकन हसायचं.

दुर्बीण हे नाव तिला भट्टीवरच्या माणसांनी ठेवलं. तिला ते पदवीसारखं वाटे. नातेवाइकांकडे चहाला गेली की आधी कप उजेडाकडे धरायची. "तडा आहे तुमच्या कपाला," असं यजमानांना सांगून मगच पहिला घोट. शेवटी तिच्या वहिनीनं तिच्यासाठी वेगळा स्टीलचा पेला काढून ठेवला. "घ्या, आता ह्यात शोधा तडा!"

मी ह्या कारखान्यातल्या बायकांची गाऱ्हाणी घेऊन साहेबांच्या टेबलापर्यंत जाते. वकील नाही, शिकलेलीही नाही. जे कायदे येतात ते गेटवर भांडून पाठ झालेत. दुर्बीणबाई मला "पुढारीण" म्हणते. ते कौतुकानं म्हणते असा माझा समज नाही.

आमच्या बाटल्या लहान मुलांच्या औषधाच्या. त्यांत खोटी निघते ती नाना तऱ्हेची. कुठे बुडबुडा, कुठे केसासारखा तडा, कुठे मान वाकडी. सगळ्यात वाईट तो झोका. बाटलीच्या आत, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कोळ्याच्या धाग्याएवढा काचेचा तंतू ताणलेला असतो, त्याला बायका झोका म्हणतात. औषध भरताना तो मोडतो, औषधात मिसळतो आणि चमच्यातून कोणाच्या तरी लेकराच्या घशात जातो. म्हणून झोका सुटला तर माफी नाही. नियम बरोबर आहे, मी तो कधी नाकारला नाही.

आता चोराबद्दल सांगते, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट कळायची नाही.

ह्या खोलीत पूर्वीपासून एक खेळ होता. कोणी सुरू केला ते कोणालाच ठाऊक नाही. एक खोटी बाटली घ्यायची, तिच्या बुडाला नखाला लावायच्या लाल रंगाचा ठिपका द्यायचा, आणि एखादीचं लक्ष नसताना तिच्या पट्ट्यावर सोडायची. बूड खाली असल्यानं ठिपका दिसत नाही. दिसली तर फक्त खोट दिसते. जिच्या पट्ट्यावर टाकली तिनं पकडली, तर ती "चोर!" म्हणून ओरडणार आणि टाकणारीनं चहा आणायचा. सुटली, तर पट्ट्याच्या शेवटी बाटल्या उलट्या करून खोक्यात भरणारी बाई लाल ठिपका पकडणार, आणि मग सगळ्यांचे डबे घासायचे ते जिच्या नजरेतून सुटली तिनं. चोर खोलीबाहेर गेला असं कधी झालं नाही.

चोर टाकण्यात सगळ्यांत तरबेज दुर्बीणबाईची धाकटी जाऊ. तिचं स्टूल अगदी समोर. ह्या दोघींचं घरी एका कुकरवरून वाजलं होतं. धाकटीनं नेला, परत दिला नाही, चुली तर आधीच वेगळ्या होत्या, आता बोलणंही बंद. पण ते घरी. इथे काळ्या पडद्याआड मात्र दिवसभर जुगलबंदी.

"चोर!" दुर्बीणबाई बाटली वर धरून ओरडायची. "आणि टाकणारीचं नाव सांगायला नको. ज्यांना दुसऱ्याचं भांडं परत करता येत नाही त्यांचंच हे काम."

"भांडं काय घेऊन बसलात जाऊबाई, चहात साखर किती तेवढं सांगा."

दुर्बीणबाईनं डबे घासलेले मला आठवत नाहीत.

मग भट्टीला नवे भाग बसले, माल सुधारला, खोटी बाटली दुर्मीळ झाली. पाठोपाठ नवा सुपरवायझर आला. त्याच्या गळ्यात शिट्टी असायची, म्हणून त्याचं नाव शिट्टी. त्यानं एक दिवस पट्ट्यावर चोर बघितला आणि त्याचं डोकंच फिरलं. "खराब माल तुम्ही मुद्दाम पट्ट्यावर टाकता? उद्या तो बाहेर गेला तर?" खेळ बंद. आम्ही कुरकुरलो, पण खरं सांगायचं तर त्याच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मीही भांडले नाही. चहासाठी कोण भांडतं?

त्यानंतर अख्खी पाळी निघून जायची आणि बाजूच्या पेटीत एकही खोटी बाटली पडायची नाही. बायका खूश. दुर्बीणबाई म्हणायची, "भट्टीवाल्यांना आता माझी भीती वाटायला लागली."

आणि मग झोका परत आला.

औषध भरणाऱ्या कारखान्यात बाटल्या धुताना तो सापडला, कोणाला इजा झाली नाही. खोक्यावर पहिल्या पट्ट्याचा शिक्का, पाळी दुर्बीणबाईची. मॅनेजरनं बाटली टेबलावर ठेवली. खिडकीतून ऊन आलं तसा आतला तंतू चमकला. एवढा चमकला की मलाही दिसला, आणि मला लांबचा बसचा नंबर दिसत नाही.

"ही माझी नाही," दुर्बीणबाई म्हणाली.

"शिक्का तुमचा आहे."

"शिक्का कोणीही मारेल. मी बघितली असती तर सोडली नसती. सुटली असेल तर ती माझ्यासमोरून गेलेलीच नाही."

मॅनेजर आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. त्यानं सांगितलं, चौकशी होईपर्यंत उजेडापुढे बसायचं नाही, फुटक्या काचेच्या ढिगावर काम करायचं. चौकशीत चूक ठरली तर ते कायमचं. दुर्बीणबाईला ढिगाची लाज नव्हती, हातमोजे घालून तिनं तेही केलं असतं. पण स्टूल गेलं की दुर्बीण गेली, मग उरतं कोण, हे तिला कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ढिगावर तिनं कोणाशी एक शब्द काढला नाही. ती गप्प बसलेली मी पहिल्यांदा बघितली, आणि माझ्या नाकावरचा राग थेट टाळूला गेला.

मी म्हटलं, ह्यांना कागद पाहिजे ना? देते कागद. आणि तिला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरीण तरुण होती, रांगेनं दमलेली. तिनं अक्षरं वाचायला लावली, उजेड मारून बघितलं, थेंब घातले. "डोळे छान आहेत. ह्या वयात असे डोळे मिळत नाहीत."

"ऐकलंस पुढारीण?" दुर्बीणबाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "तेच म्हणते मी. असे डोळे असताना बाटली सुटेल कशी?"

डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. काय झालं ते विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग रेघांच्या वहीचं एक पान फाडलं, डावीकडे फुली काढली, उजवीकडे ठळक ठिपका. "डावा डोळा झाका. उजव्यानं फुलीकडेच बघा. कागद हळूहळू जवळ आणा."

दुर्बीणबाई कागद जवळ आणत गेली आणि एकदम थबकली. "ठिपका गेला!"

"त्याच्या जागी काय दिसतंय?"

"रेघा. सलग."

"तिथे रेघा तुम्हाला दिसत नाहीयेत. प्रत्येकाच्या डोळ्यात एक जागा आंधळी असते, तिथून काही बातमीच येत नाही. मग मेंदू म्हणतो, आजूबाजूला रेघा आहेत, म्हणजे इथेही रेघाच असणार. आणि भरून टाकतो. तुम्हाला विचारतही नाही."

"म्हणजे माझ्या डोक्यात बसून कोणी खोटं बोलतंय?"

"खोटं नाही हो, अंदाज. आणि तो फक्त त्या आंधळ्या जागेपुरता नसतो, सगळीकडेच चालू असतो. डोळा टपाल आणून टाकतो, वाचतो मेंदू. रोज त्याच माणसाचं, त्याच मजकुराचं पत्र येत असेल तर तो पाकीट न फोडताच बाजूला ठेवतो."

"आणि एखाद्या दिवशी आत वेगळं निघालं तर?"

"तर फसतो. पण प्रत्येक पाकीट फोडत बसला असता ना, तर तुम्हाला रस्ता ओलांडायला संध्याकाळ झाली असती."

मी ह्यातलं अर्धंच ऐकलं. माझं लक्ष कागदाकडे होतं. तो हातात पडला तशी मी सरळ कारखान्यात गेले आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. शिट्टीही तिथेच होता. त्यानं वाचला.

"डोळे उत्तम? मग तर प्रश्नच मिटला. दिसत होतं आणि तरी सोडली. म्हणजे हलगर्जी."

ताकाला गेले आणि भांडंच फोडून आले. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालात तुम्ही!

"बाई," मॅनेजर म्हणाला, "हात जपून. बाटली पडेल."

संध्याकाळी मी दुर्बीणबाईच्या घरी गेले. पुढच्या खोलीत तिचा नवरा कुलपं दुरुस्त करतो. भिंतभर किल्ल्या लटकलेल्या, त्याच्या टेबलाला टेकूनच जेवायची जागा. तिनं मसूर शिजवला होता. मलाही वाढलं. मी माझं शौर्य सांगत होते, ते दोघं गुमान ऐकत होते, आणि मध्येच कडकन आवाज आला.

"काय मोडलं?" दुर्बीणबाईनं विचारलं.

"दात," नवरा गालावर हात धरून म्हणाला. "सेवानिवृत्त झाला." त्यानं तोंडातून खडा काढून ताटाच्या कडेला ठेवला. बराच मोठा होता, पांढरा.

"निवडला होता मी मसूर!"

"निवडलास, मी बघत होतो. ताट मांडीवर घेऊन, चांगली दिवाबत्ती करून." तो खड्याकडे बघत राहिला. "गंमत आहे बघ. त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून सुटा मसूर आणायचो तेव्हा मूठभर खडे निघायचे. पण इतक्या वर्षांत एकही तोंडात आला नाही. आता पाकिटातला साफ आणतो, आणि दात जातो."

दुर्बीणबाईनं तो खडा बोटानं जवळ ओढला. तेवढ्यात दारात धाकटी जाऊ उभी. हातात कुकर.

नवऱ्यानं दाताचं दुखणंसुद्धा आवरलं.

"घ्या तुमचं भांडं," धाकटी म्हणाली. "शिट्टी बदलून आणलीय. कुकरची म्हणते मी. दुसरी बदलणं माझ्या हातात नाही." मग तिचा आवाज बदलला. "तुमच्या गादीवर कोणी बसायला तयार नाही, जाऊबाई. समोर नुसती रिकामी गादी. मला काम सुधरत नाही. शिव्या घालायला कोणी नाही, चोर टाकायला कोणी नाही..."

"चोर तर कधीच बंद झालाय," मी म्हटलं.

"हो ना. आणि तो होता तेव्हा कोणाचं काही सुटलं का? आठवा बघू."

मी आठवून बघितलं. मग दुर्बीणबाईकडे बघितलं. ती ताटातला खडा बोटानं फिरवत होती.

"पाकीट," ती हळूच म्हणाली.

"मसुराचं?"

"टपालाचं. ती डॉक्टरीण म्हणाली नाही का." तिनं खडा ताटात टाकला, टण्णकन वाजला. "चोर असायचा तेव्हा मी प्रत्येक बाटलीत काहीतरी शोधत असायचे. ह्या बयेनं कधी टाकला असेल नेम नाही म्हणून. मग खेळ गेला, खोटी बाटलीही येईना. चांगली, चांगली, चांगली... मी डोळे उघडे ठेवून बसले होते, पण आत कोणी पाकीट फोडतच नव्हतं." आणि मग ती म्हणाली, "ती माझीच होती. माझ्यासमोरून गेली. मी बघितली आणि मला दिसली नाही."

मी ताडकन उठले. "हे त्यांच्यासमोर बोलायचं नाही! मी शिक्क्यावर लढणार आहे. शिक्का पुसट आहे, खोकं कोणाचंही असू शकतं."

"शिक्का ठसठशीत आहे. तू आंधळी आहेस का?"

"तू कबूल केलंस की स्टूल गेलं! मी लढायचं कशाच्या जिवावर?"

"आणि तू शिक्क्यावर जिंकलीस, मला परत बसवलं, आणि पुढचाही झोका असाच गेला, तर? ह्यांचा तर दात गेला. त्या पोराचं काय जाईल?"

उत्तर नसलं की मला आणखी राग येतो, म्हणून मी कुकरकडे बघत बसले.

चौकशीला धाकटीही आली, न बोलावता. दुर्बीणबाईनं मॅनेजरला सगळं सांगितलं. डॉक्टरीण, रेघांचा कागद, खडा, नवऱ्याचा दात, चोर. शिट्टीनं मान हलवली. "म्हणजे कबुलीच दिलीत तुम्ही."

"दिली. आता तपासून बघा. मला एकटीलाच नको, सगळ्या पट्ट्यांना. एकदा साफ मालात एखाददुसरा झोका टाकून, आणि एकदा अधूनमधून चोर टाकत. कधी टाकणार ते सांगू नका."

मॅनेजरनं बराच वेळ पेन फिरवलं. "पहिल्या वेळी तुमच्याकडून सुटली तर?"

"तर सुटली. तुमच्यासमोर सुटेल."

आणि सुटली. मी पडद्याला टेकून उभी होते, मॅनेजर तिच्या पाठीमागे. चांगल्या बाटल्या येत राहिल्या, येत राहिल्या, गळ्याला गळा लावून, घड्याळाकडे बघायचाही कंटाळा येईपर्यंत. दुर्बीणबाईची मान ताठ, डोळे टक्क उघडे. शेवटी खोकं भरणाऱ्या बाईनं बाटली उलटी केली आणि तिचा हात थांबला. बुडाला लाल ठिपका. तिला ओरडवेना. बाटली तिनं नुसती वर धरली.

दुर्बीणबाई उठली, ती बाटली घेतली, उजेडापुढे धरली. आतला तंतू आता लख्ख दिसत होता. "हीच का?" ती म्हणाली, जसं काही हरवलेलं माणूस ओळखतेय. शेजारच्या आणखी दोन पट्ट्यांवरूनही अशीच एकेक सुटून गेली होती, पण ते ऐकून तिला बरं वाटलं नाही. तिनं बाही डोळ्यांना लावली आणि परत बसली. "चला. दुसरी वेळ."

ह्या वेळी शिट्टीनं टाकलेले चोर येऊ लागले. पहिला आला तेव्हा तिचा हात झेपावलाच. "चोर!" थोड्या वेळानं पलीकडून धाकटी, "चोर!" मग कोपऱ्यातून तिसरी. खोलीत पूर्वीचा गलका भरला. कोणीतरी शिट्टीला म्हणालं, साहेब, चहा तुमच्याकडे लागला. उलट्या करून बघितल्या, तर एकही लाल ठिपका शेवटपर्यंत पोचला नव्हता.

मी मॅनेजरकडे विजयानं बघायला वळले, तर तो वळून शिट्टीशी बोलत होता. आणि शिट्टी, ज्याच्याशी मी पुढचा महिनाभर भांडायची तयारी करून आले होते, तो म्हणत होता, "प्रत्येक चोराला नंबर घालू, साहेब. रोज एकीनं सकाळी माझ्याकडून न्यायचे, पाळी संपली की मोजून परत. एक जरी कमी भरला तरी एकही खोकं गेटबाहेर जाणार नाही. माझी भीती तेवढीच होती." मला भांडायला काही ठेवलंच नाही ह्या माणसानं. मी तरी भांडून घेतलं. म्हटलं, स्टुलावरून मध्ये मध्ये उठायला मिळालं पाहिजे, तेच तेच बघून डोकं पेंगतं. तेही मान्य झालं. त्या दिवशी माझा घसा फुकट गेला.

दुर्बीणबाई परत पहिल्या स्टुलावर बसली त्या सकाळी मी मुद्दाम आत डोकावले. तिनं गादी झटकली, नीट केली, बसली. समोरून धाकटी म्हणाली, "या. घासणी आणलीय ना डब्यांची?"

"तुझ्यासाठी आणलीय. मांडीवर ठेव."

पट्टा चालू झाला. दोघींची तोंडं चालू, मान सरळ. बाटल्यांमागून बाटल्या गेल्या, बरीच सकाळ गेली. मी निघणारच होते, तेवढ्यात दुर्बीणबाईचा हात पुढे झाला आणि रांगेतली एक बाटली उचलून आला.

"चोर! आण चहा. साखर जास्त."

धाकटी स्टुलावरून हलली नाही. दुर्बीणबाईनं ऐटीत बाटली उलटी केली, अंगठ्यानं बूड पुसलं, परत बघितलं. बूड कोरं होतं. ठिपका नाही, नंबर नाही.

"माझ्याकडे काय बघताय, जाऊबाई?" धाकटीनं एप्रनच्या खिशात हात घातला आणि नंबर घातलेले चोर बाहेर काढून दाखवले. "आज टाकायची पाळी माझी आहे, आणि मी अजून टाकलाच नाहीये."

दुर्बीणबाईनं बाटली उजेडापुढे धरली. आत, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, बारीक तंतू चमकत होता. खरा. ती त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली, मग बाटली बाजूच्या पेटीत अलगद ठेवली. पट्टा काही थांबला नव्हता. तिनं मान समोर केली.

"मग टाक की," ती म्हणाली. "चहाची वेळ होत आली."